आत्याचा अडकित्ता

किस्से विकता आले असते ना, तर आत्याच्या आजारपणाचा सगळा खर्च त्यातनंच सुटला असता. दीड वर्षात आमच्या घरात एवढे साठलेत की एक ओढायला गेलं की त्याच्या शेपटाला धरून दुसरा बाहेर येतो. माझा दोस्त बाळ्या बोलतो, लिहून ठेव. बाळ्याचं काय जातं. तो आठवीतच शाळेतनं सुटला, मी दहावीला दोनदा बसलो आणि दोन्ही वेळा गणितानी मला ओळखच दाखवली नाय. तर लिहिण्यात काय चुकलं तर मास्तरांना जाऊन भेटा.

आत्या म्हंजे सुमन आत्या, बाबांची मोठी बहीण. आई मी लहान असतानाच गेली, तवापास्नं आत्याच. तिला छातीत कॅन्सर निघाला. मुंबईला ऑपरेशन झालं, मग सलाईनमधनं औषधं सुरू झाली, त्यात केस गेले. हॉस्पिटलात कुठल्या तरी संस्थेच्या बाया येतात, त्यांनी तिला केसांचा टोप दिला. फुकट. काळाभोर, खांद्यापर्यंत. अख्खा गाव बघायला आला. आत्यानी तो घालून आरशात बघितलं आणि मला बोलली, "ही बाई कोण आलीय रे आपल्या घरात? तिला चहा टाक."

मग काढून कळशीवर उपडा ठेवला.

त्या कळशीकडं बघून बाळ्यानी पैज लावली. "हिंमत असेल तर हा टोप घालून धसईच्या बाजारात या टोकापास्नं त्या टोकापर्यंत चालून दाखव. दोन वडापाव."

शहाणा माणूस नाय बोलला असता. मी बोललो, "तीन."

आत्याचा गाऊन, वरनं टॉवेल, डोक्यावर टोप आणि तोंडाला मास्क. आत्या तेव्हा बाहेर पडताना मास्क लावायचीच, त्यामुळं तोंडाचा प्रश्न नव्हता. अर्धा बाजार आरामात पार झाला. सुक्या मासळीपाशी मागनं आवाज आला, "अगो सुमन!"

लीलाकाकू. आमच्या शेजारची. तिला जवळचं दिसत नाय आणि लांबचं जरा जास्तच दिसतं.

"एवढी चालत आलीस?" मी मान हलवली. "बरं वाटतंय म्हंजे?" मी परत मान हलवली. "वजन पण भरलंय गो." आता मान हलवून भागणार नव्हतं, कारण ती जवळ यायला लागली. मी गाऊन गुडघ्यापर्यंत उचलला आणि पळालो. पुढं नाला होता. तो उडी मारून पार केला.

संध्याकाळपर्यंत गावात बातमी, सुमन बरी झाली. रात्रीपर्यंत, सुमननी नाला उडी मारून पार केला.

वडापाव तीन मिळाले. ते मला किती महाग पडले ते पुढं कळेलच.

* * *

आमच्याकडं आवणीला, म्हंजे भाताची रोपं लावायला, बाया एकमेकींकडं जातात. आज तुझं शेत, उद्या माझं. जी आजारी आहे तिचं तर फुकट लावून देतात, ती बरी झाली की फेडते. आत्याचं शेत लावायला अकरा जणींनी शब्द दिला होता.

आल्या पाच.

बाकीच्या का नाय आल्या ते लीलाकाकूनी बांधावर उभं राहूनच सांगितलं. "बाजारात फिरायला ताकद आहे, नाला उडायला ताकद आहे, मग वाकायला का नाय? आमच्या कंबरा काय फुकटच्या आहेत?"

आत्या छत्री धरून उभी होती. मास्कच्या वर नुसते डोळे. "मी? बाजारात? अगो लीला, मी त्या दिवशी बादलीत तोंड घालून बसलेले."

"मी बोललेय तुझ्याशी."

"मग मी काय बोलले?"

"मान हलवलीस."

"बघ. मी कधी नुसती मान हलवून गप बसलेय का?"

ह्याच्यावर सगळ्या जरा विचारात पडल्या होत्या. तेव्हाच मी बोलायला पाहिजे होतं. पण माझ्या तोंडात चिखल गेला होता असं समजा.

मी आणि बाळ्या उतरलो लावायला. आमच्या रांगा बघून आत्या बोलली, "मास्तरानी तुला नापास केला ते बरोबरच केलं. एक रेघ सरळ येत नाय." बाळ्याच्या रांगा तर गोल फिरून परत त्याच्याकडंच यायच्या. शेवटी मजुरीच्या दोन बाया लावल्या. ते पैसे तिच्या तपासणीसाठी डब्यात ठेवलेले होते. तपासणी पंधरा दिवस पुढं गेली.

लीलाकाकू आणि आत्या तवापास्नं बोलत नव्हत्या. त्यांची दोन घरं, मधे एक भिंत. आत्या भिंतीला ऐकू जाईल असं बोलायची आणि लीलाकाकू कोंबडीला सांगायची.

* * *

आजारी माणसाला बघायला लोक येतात ते चांगलंच आहे. पण आलेल्याला चहा पाहिजे. दिवसाला आठ जण म्हंजे आठ चहा. बाबा बोलायचे, सलाईनच्या बाटल्या मोजतो त्यापेक्षा दुधाच्या पिशव्या जास्त होतात.

आलेला माणूस रिकामा येत नाय. ग्लुकोजच्या बिस्किटांचा पुडा आणतो. सगळे तोच आणतात. आमच्या कपाटात एका टायमाला सव्वीस पुडे होते आणि घरात साखर नव्हती.

मी पुडे उचलले आणि नाक्यावरच्या दुकानात नेऊन दिले, त्यांच्या बदल्यात साखर आणि चहापत्ती आणली. दुकानदार पण खूश, त्याच्याकडं तोच पुडा संपलेला. दुसऱ्या दिवशी पाहुणे आले, त्यांनी पुडा आणला. मला तो ओळखीचा वाटला.

मग मी एका पुड्यावर पेनानी मिशी काढली, त्यावरच्या पोराला. आणि सोडला दुकानात.

मिशीवाला पुडा महिन्याभरात चार वेळा आमच्याकडं आला. एकदा सरपंचांच्या हातनं, एकदा शाळेच्या बाईंच्या, एकदा लांबच्या मावशीच्या. चौथ्यांदा लीलाकाकूनी बोलणं बंद असूनसुद्धा पोराच्या हातनं पाठवला. आत्यानी तो हातात घेऊन मिशीकडं नीट बघितलं आणि बोलली, "आलास? दमला असशील. बस."

* * *

ह्या बघायला येणाऱ्यांचा एक ठरलेला प्रश्न असतो. तब्बेत कशी आहे हा नाय. "किती लागले?"

पहिल्यांदा आत्या खरं सांगायची. मग समोरचा तोंडावर हात ठेवायचा, "अरे देवा," बोलायचा, आणि बाबा उठून बाहेर जायचे. बाबा आसनगावच्या बाजूला एका गोडाऊनवर वॉचमन आहेत. आत्याचं निघाल्यापास्नं ते दोन-दोन पाळ्या करतात. ते बाहेर गेले की आत्या रात्रीचं जेवायची नाय. भूक नाय बोलायची. औषधानी नाय, पाहुण्यांनी जायची तिची भूक.

मग तिनीच कायदा काढला. चहा टाकायच्या आधी ती बाहेर काय विचारतात ते ऐकायची आणि आतल्या बाजूला मला बोटानी दाखवायची. जो तब्बेत विचारेल त्याला साखर. जो "किती लागले" विचारेल त्याला बिनसाखरेचा.

एक बाबांचे साडू आले. बसायच्या आधीच विचारलं, किती लागले. चहाचा घोट घेतला, तोंड वाकडं केलं. "साखर विसरलीस का गो?"

आत्या बोलली, "नाय. तीच तर लागली."

* * *

सरकारी योजनेचं कार्ड होतं म्हणून ऑपरेशन आणि सलाईन निभावलं. पण त्या कार्डाची पण गंमत आहे. कार्डावरचा आत्याचा फोटो लग्नाला जाऊन आल्यावरचा. अंबाडा, त्यावर गजरा, कानात झुमके. खिडकीतल्या माणसानी फोटो बघितला, आत्याचं टकलं बघितलं, परत फोटो बघितला.

"ह्या तुम्ही नाहीत."

"मग कोण आहे?"

"फोटोत केस आहेत."

आत्या आदल्या सलाईननी पार गळून गेलेली, उभं पण राहवत नव्हतं. पण बोलायचं ती कधी गळत नाय. "बाळा, केस तुमच्याच माणसांनी काढले. ह्याच इमारतीत, दुसऱ्या माळ्यावर. त्यांच्याकडनं परत आणून दे, मग तुला वळख पटेल."

रांगेतले सगळे हसले. रांगेत अर्धे टकलेच होते, त्यांचं पण तेच काम अडलेलं. खिडकीतला माणूस लाल झाला आणि त्यानी शिक्का मारला. मागनं एक म्हातारे बाबा पुढं आले आणि मला बोलले, "पोरा, त्या बाईंना जरा इथंच बसव. माझं होईपर्यंत."

आत्यानी मग बसून सात जणांचे शिक्के मारून घेतले.

* * *

जेवणाचं सांगायला तिथं एक मॅडम असते. तिनी कागद दिला. पनीर खा, बदाम खा, किवी खा. आत्या सगळ्याला हो हो बोलली. बाहेर आल्यावर मला विचारलं, "किवी म्हंजे काय रे?"

मला माहीत नव्हतं, पण मी कधी नाय बोलत नाय. मी बोललो, परदेशातली काकडी.

बाबांनी शहापूरहनं एक किवी आणली. एकच. जेवढ्याला आणली ते ऐकून आत्यानी ती पहिल्या दिवशी नुसती देवासमोर ठेवली. दुसऱ्या दिवशी शेजारची पोरं बघायला आली. तिसऱ्या दिवशी कापली. आत्या कापायला बसली की घरात जेवढी तोंडं असतील तेवढ्या फोडी होतात. त्या दिवशी सात तोंडं होती. सगळ्यांना एकेक पातळ चकती. तिच्या वाटणीला साल आलं.

मी बोललो, "आत्या, आजारी तू आहेस."

ती सालाला लागलेलं चाटून बोलली, "चिकू आंबलाय. तुमीच खा."

खोटं बोलत होती. मी चाखलेली ना. मस्त होती.

* * *

आता खरी गोष्ट. सलाईन संपलं आणि डॉक्टर बोलले, आता रोज एक गोळी, पाच वर्षं, एक दिवस चुकवायचा नाय. ही गोळी आमच्या कार्डात बसली नाय. दर महिन्याला मुरबाडला जाऊन मेडिकलातनं घ्यायची, बाबांच्या पगारातनं.

आठवण राहावी म्हणून मी आत्याच्या फोनवर सकाळी नऊचा अलार्म लावला. साधी घंटी लावून मजा नाय, म्हणून डॉक्टरांच्या आवाजात रेकॉर्ड केला. नाकातनं बोलायचे ते. "सुमनबाई, गोळी घेतली का?" पहिल्या दिवशी आत्या पदर सारखा करून उभी राहिली आणि बोलली, "घेते साहेब." मी पडवीत लोळलो.

गोळीच्या रिकाम्या पाकिटाचा जो चंदेरी पत्रा असतो ना, तो मी सायकलला चिकटवायचो. चाकाच्या तारांना. उन्हात असली चमकते सायकल की बाळ्याचं काळीज जळायचं. पाकिटात दहा गोळ्या, म्हंजे दहा दिवसांनी मला एक पत्रा. माझा हिशोब गणितात कच्चा असेल, पण पत्र्याच्या बाबतीत नाय.

एकदा दहा दिवस झाले, पत्रा नाय. बारा झाले, नाय. पंधरा. मी बोललो, "आत्या, पाकीट संपलं का?" ती बोलली, "संपेल." वीस दिवसांनी मिळालं.

दुसऱ्या दिवशी नऊच्या आधी मी माळ्यावर चढून बसलो. अलार्म वाजला. "सुमनबाई, गोळी घेतली का?"

"घेते साहेब," आत्या बोलली. कोपऱ्यातनं सुपारीचा अडकित्ता काढला. गोळी मधे धरली. कट्.

अर्धी तोंडात. अर्धी परत कागदात.

मी माळ्यावरनं उडीच मारली. ती एवढी दचकली की अर्धी गोळी चुलीत गेली असती.

"आत्या, डॉक्टर एक बोललेत."

"डॉक्टर पाच वर्षं बोललेत. अर्धी-अर्धी खाल्ली तर दहा वर्षं पुरेल. तुला काय वाईट वाटतंय मी दहा वर्षं जगले तर?"

हा हिशोब मी बोटांवर करून बघितला, बरोबर येत होता. त्यात चूक कुठं आहे ते दहावी पास झालेल्याला पण सापडलं नसतं.

"आणि हे बघ," ती हळू बोलली, "तुझ्या बापाच्या पायाला सूज येते दोन पाळ्या करून. मी रोज सकाळी उठून त्याचा पगार चावत बसू? आपली स्वतःची असती तर आख्खी खाल्ली असती. दुसऱ्याचं पुरवूनच खायचं. आणि त्याला सांगितलंस तर बघ."

* * *

पुढच्या तपासणीला मी वॉर्डातल्या सिस्टरना बाजूला घेतलं. बोललो, आमच्या गावातली एक बाई आहे, ती अर्धीच गोळी खाते, चालतं का?

सिस्टरनी माझ्याकडं नीट बघितलं. "त्या बाईला सांग, अर्धी गोळी म्हणजे अर्धा आराम नाही. आजार पूर्ण परत येऊ शकतो. पूर्ण गोळी, रोज. पैशाची अडचण असेल तर इथं येऊन सांग म्हणावं, लाजू नको."

मी आत्याला सांगितलं. ती बोलली, "त्या बाईला सांग, स्वतःचं बघ."

मग लढाई सुरू झाली. मी अडकित्ता लपवला भाताच्या कणगीत. तिनी काढला. मी लपवला कौलांमधे. तिनी काठीनं पाडला. तिसऱ्यांदा मी तो लीलाकाकूच्या अंगणात कोंबड्यांच्या खुराड्यात टाकला, तिथं ती जाणार नाय, बोलणं बंद आहे. आत्यानी दोन दिवस विळीवर गोळी कापायला बघितली, पण तिचा चुरा व्हायचा. तिसऱ्या दिवशी लीलाकाकूनी अडकित्ता भिंतीवर ठेवला आणि कोंबडीला बोलली, "लोकांना सुपारी फोडायला पण आमचंच घर सापडतं."

त्या दिवसापास्नं अडकित्ता आत्याच्या कमरेच्या बटव्यात. झोपताना पण. आता तो काढायला चोरच पाहिजे होता, आणि मी चोर नाय. निदान तेव्हापर्यंत नव्हतो.

* * *

ह्याच सुमाराला आमच्या कोंबडीनी कळशीवरच्या टोपात अंडं दिलं. टोप खाली पडला होता, उलटा, मऊ, तिला आवडला. आत्या अंडं उचलून बोलली, "चला, कोणाच्या तरी उपयोगी पडला."

आत्याचे स्वतःचे केस तोपर्यंत बोटभर आलेले. टोप ती घालतच नव्हती. टोचतो बोलायची. टोचू नये म्हणून तिनी आतनं जुन्या हिरव्या लुगड्याची पट्टी पण शिवली होती, तरी टोचायचा.

उन्हाळ्यात आमच्याकडं बोहाडा असतो. गावातली माणसं देवांचे मुखवटे घालून वाजतगाजत नाचत येतात, एकेका देवाचं सोंग एकेका घराकडं. देवीचं सोंग गणपादादाच्या घराकडं. त्याच्या देवीला मागनं वाखाचे, म्हंजे घायपाताच्या धाग्यांचे, केस होते, ते ह्या वर्षी उंदरांनी खाल्ले. गणपादादा डोक्याला हात लावून बसलेला. टकली देवी कशी नाचवायची?

मी त्याच्या बाजूला जाऊन बसलो. बोललो, "दादा, मुंबईचे केस आहेत. खरे."

दोन महिन्यांच्या गोळ्या आल्या त्यात. चिठ्ठी घेऊन मुरबाडला मीच गेलो.

घरी आत्यानी टोप शोधला. "टोप कुठाय रे?"

"उंदरानी नेला असेल."

"उंदराला कोणाच्या लग्नाला जायचं होतं?"

मी कळशी उचलून पाण्याला गेलो. मग हळूच तिच्या डब्यात नवी पाकिटं सारली. आत्याला वाचता येत नाय, पण डब्यात काय आहे ते तिला डोळे मिटून पण कळतं. सकाळी डबा उघडला आणि बघतच बसली. "हा डबा गाभण होता काय?"

बाबांना विचारलं, बाबा नाय बोलले. मला विचारायचा तर प्रश्नच नव्हता, माझ्याकडं वडापावला पैसे नसतात हे जगाला माहीत. मग तिनी भिंतीकडं बघितलं.

"लीलानी ठेवली असणार. आवणीला अशी वागली, आता तिला लागतंय मनाला." आणि परसातले दोन भोपळे घेऊन सरळ लीलाकाकूच्या दारात. आठ महिन्यांनी.

"लीला, तू केलंस ते मी विसरणार नाय."

लीलाकाकूला काय केलं ते माहीत नव्हतं. ती हो पण बोलली नाय आणि नाय पण बोलली नाय. भोपळे मात्र आत घेतले. दोघी बसून रडल्या. मी भिंतीच्या अलीकडनं ऐकत होतो. मला वाटलं, झालं काम. गोळ्या पण आल्या, भांडण पण मिटलं, आणि मी कुठंच नाय.

दुसऱ्या दिवशी नऊ वाजता. "सुमनबाई, गोळी घेतली का?" "घेते साहेब." कट्.

"आता का कापतेस?" मी ओरडलोच.

"लीलाच्या गोळ्या आहेत. भावाच्या पुरवून खाते, मग परक्याच्या किती पुरवून खायला पाहिजेत?" ती बोलली. आणि त्या अर्धीचे परत दोन तुकडे करायला लागली.

* * *

बोहाड्यात देवीचं सोंग सगळ्यात शेवटी, दिवस उगवताना येतं. रातभर आत्या आली नाय, झोपली. उजाडल्यावर आंघोळ करून आरतीचं ताट घेऊन आली आणि लीलाकाकूच्या बाजूला पहिल्या रांगेत उभी राहिली. देवी एकेका बाईसमोर थांबते, ती ओवाळते, ताटात काय ठेवलं असेल ते देवी घेते आणि कपाळाला लावते. अशी रीत.

गणपादादा असला नाचत होता की काय सांगू. दरवर्षी वाखाचे केस काटक्यांसारखे उभे राहायचे. ह्या वर्षी देवीनी मान झटकली की केस असे खांद्यावरनं भुरभुरायचे. बाया आपसात बोलत होत्या, देवी कशी दिसतेय बघ.

देवी आत्यासमोर आली. आत्यानी ताट उचललं. एक फेरा. दुसरा फेरा. तिसऱ्याला हात थांबला.

देवीच्या कानामागं हिरव्या लुगड्याची पट्टी बाहेर आलेली.

आत्यानी मान वळवली. एवढ्या गर्दीत मी आंब्यावर चढून बसलेलो, तरी एका झटक्यात सापडलो.

"खाली ये रे उंदरा."

उतरलो. ढोल वाजतच होता. देवी पाय जागच्या जागी आपटत थांबलेली, ताट पुरं झाल्याशिवाय तिला पुढं जाता येत नाय.

"मी विकला," मी बोललो. "गणपादादाला. गोळ्यांसाठी. लीलाकाकूनी नाय ठेवल्या, मी ठेवल्या."

आत्यानी लीलाकाकूकडं बघितलं. लीलाकाकू आपल्या ताटातले तांदूळ मोजत होती.

"मग माझे भोपळे?"

"गोड होते गो," लीलाकाकू बोलली.

आता एवढं बोललोच होतो तर म्हटलं सगळंच होऊन जाऊ दे. "आणि धसईच्या बाजारात पण मीच होतो. टोप घालून. पैज होती. आवणीला बाया आल्या नाय ते माझ्यामुळं. तपासणी पुढं गेली ती पण."

ढोलवाल्याचा हात चुकला. बाळ्या गर्दीतनं मागच्या मागं निघाला, ते मला दिसलं.

लीलाकाकूनी तोंडावर हात ठेवला. "तरीच," ती बोलली, "मी घरी येऊन ह्यांना सांगितलं पण, सुमनच्या पायावर एवढे केस कधी आले."

मला वाटलं आता आत्या मारते. तिनी हात उचलला पण. पण तो हात तसाच राहिला.

"म्हंजे त्या गोळ्या लीलाच्या नाय?"

"नाय."

"तुझ्या बापाच्या पण नाय?"

"तुझ्या केसांच्या आहेत. तुझ्याच."

आत्यानी उचललेला हात खाली घेतला. मग तिनी कमरेचा बटवा सोडला, आत हात घातला, अडकित्ता काढला आणि आरतीच्या ताटात ठेवला, कुंकू आणि दिव्याच्या मधे. ताट देवीसमोर धरलं.

ढोल थांबला. रीत म्हणून देवीनी तो घेतला. हातात उलटासुलटा केला. कपाळाला लावला. मग गणपादादानी मुखवटा बोटभर वर केला, घामानी निथळत होता बिचारा, आणि हळूच विचारलं,

"सुमनआक्का, सुपारी कुठाय?"